मुंगळ्यांचे सहा घास

माळावर पहिला नांगर फिरला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तिथल्या वारुळात दहा घास आले की त्यातले सहा पिल्लांना मिळत. एकदा खवल्या मांजराने वारूळ फोडलं आणि तेव्हापासून ते सहा घास पहारेकरी मुंगळ्यांना जाऊ लागले. खवल्या पुन्हा फिरकला नाही, पण वाटणीही पुन्हा बदलली नाही. उलट पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, मुंगळे वाढले आणि पिल्लांच्या वाट्याला एकच घास उरला.

पिल्लं सांभाळणाऱ्या रेवू मुंगीच्या जिवाला आता घोर लागला होता. तिची तीन पिल्लं कालपासून हललीच नव्हती. शेवटी ती राणीपुढे जाऊन उभी राहिली.

"राणीआई, पिल्लांना दोन घास वाढवून द्या."

मुंगळ्यांचा नाईक हसला. "अगं, खवल्या येत नाही तो कुणाच्या धाकाने? तुझ्या अंगाईच्या?"

"तुमच्याच धाकाने असेल, नाईकदादा. पण त्याला शेवटचं पाहिलं कुणी?"

राणी चिडली. "धोका काय सांगून येतो? यंदा मला चाळीस मुंगळे जास्त हवेत. पिल्लांमधून तयार कर."

रेवूने एकेक करून सगळी पिल्लं राणीपुढे आणून ठेवली. त्याला फार वेळ लागला नाही.

"एवढीच?" राणीने विचारलं.

"एवढीच. यातले मुंगळे कोणते करू आणि त्यांना भरवायला कुणाला ठेवू, ते तुम्हीच सांगा."

नाईक राणीच्या तोंडाकडे पाहत राहिला. राणी पिल्लांवरून नजर हटवत नव्हती.

"आजचे घास आधी इकडे आणा," ती हळूच म्हणाली.