नांदूरकोटचा नळबाजा

आपल्याला ही गोष्ट नीट आठवते की नाही, याची दत्तोपंत मुळ्यांना दर वेळी धास्ती वाटते. तरी पाहुणे आले की ते त्यांना चंद्रिका टॉकीजमध्ये नेतात. पडद्याच्या बाजूला माणसाहून उंच, करड्या धातूच्या नळ्या ओळीने उभ्या आहेत. हा पाइप ऑर्गन. गाव त्याला नळबाजा म्हणते. लग्नात मिळालेले भांडे चुलीवर चढण्याआधी इथे आणतात. का, ते दत्तोपंत सांगतात.

चित्रपट मुके होते, तेव्हा पडद्यावरचा पाऊस, लढाई, रडणे सारे मार्थाबाई उजगरे या बाज्यातून काढत, असे सांगतात. मग बोलपट आले आणि बाजा गप्प झाला. बाई मात्र रोज येऊन नळ्या पुसत. पुढे दुसऱ्या महायुद्धात कल्हईचे कथील मिळेनासे झाले. कल्हई उडालेल्या पातेल्यांत आमटी कळकू लागली, माणसे ओकून बेजार झाली.

एके सकाळी बाई आल्या आणि दारातच थिजल्या. टॉकीजच्या अंगणात गावभरची पितळी भांडी मांडलेली. कासमभाई कल्हईवाल्याने भट्टी पेटवलेली. आत मालक बाबासाहेब गुळवणी करवत घेतलेल्या माणसांना नळ्या दाखवत होते.

"बाज्याला कापणार?" बाईंनी करवतीकडे बोट दाखवले.

"बाई, नळ्या कथलाच्या आहेत. गाव विष खातंय आणि तुम्ही कसल्या पुसत बसलाय?"

खोटे काय होते त्यात?

"एकदा वाजवू द्या," त्या म्हणाल्या.

"वाजवा. पण आटपा लवकर, भट्टी निवेल."

टॉकीजच्या गड्याने बाज्याचा भाता मारला. बाईंनी सर्वांत खालचा सूर धरला. जमीन हलली. मग त्यांनी डोळे पुसायला हात उचलले, तरी सूर थांबेना.

"बाई, हात काढा!" बाबासाहेब ओरडले.

"काढलेत की!"

भात्यावरचा गडी तर केव्हाच भिंतीला टेकला होता. वारा नाही, बोट नाही, आणि बाजा घुमतोय. अंगणातून बायकांची किंकाळी आली. पराती, हंडे, पातेली जागच्या जागी थरथरत त्याच सुरात गाऊ लागली होती, म्हणे. कासमभाईच्या हातातला चिमटा गळून पडला.

"मालक, भांडी रडायला लागली," तो दारात येऊन म्हणाला. "आता या बाज्याचं कातडं त्यांना कसं चढवू? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

सूर थांबला तेव्हा कुणी कुणाकडे पाहत नव्हते. बायकांनी आपापली भांडी उचलली. गावाने मातीच्या मडक्यांत रांधून युद्धाचे दिवस काढले. करवत पुन्हा आत आली नाही.

आजही नवे भांडे बाज्यासमोर ठेवतात, खालचा सूर लावतात आणि भांडे थरथरले की मगच घरी नेतात. अलीकडे बाज्याच्या डागडुजीला कारागीर आले, तेव्हा दत्तोपंतांनी एका फुटक्या नळीचा तुकडा मागून घेतला. तो त्यांनी रसायनशाळेत तपासून घेतला. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या रसायनशाळेतही. दोन्हीकडे एकच निघाले. त्या नळ्यांत कथील थोडे होते. बाकी सगळे शिसे, जे अन्नातून पोटात गेले की माणसाला हळूहळू मारते.