येसूची पायरी

देवळात शिरताना डाव्या हाताची ही पायरी बघा. हिच्यावर कुणी बसत नाही. तुम्हीही बसू नका, बाळांनो. हिला येसूची पायरी म्हणतात.

फार मागे, श्रावणी सोमवारी दुपारच्या वेळी या मंडपात गंजिफा खेळत, असं सांगतात. पानं गोल, रंगावर लाखेचा हात दिलेली. दहा अवतारांची पानं मिसळून वाटायची, मग ढिगातलं एक उचलायचं, हातातलं एक टाकायचं. एका अवताराची सगळी पानं जो आधी जमवील तो जिंकला. येसू ही खोताची जमीन कसणाऱ्या एका कुळाची सून. डोक्याने इतकी तल्लख, की खुद्द खोताने तिला खेळायला बसवलेलं.

त्या दिवशी खोताचा कूर्म जमत आला होता. राजा तेवढा हवा. ढीग संपला, सगळ्यांनी पानं उघडी टाकली, तरी राजा नाही. येसू हसून म्हणाली, "खोतानू, कासवाचो राजा पाण्यात गेलो वाटता."

मंडळी हसली, तेच खोताला झोंबलं. राजा हिनेच दडवलाय म्हणाला. पदर झाड म्हणाला, भर देवळात. नवरा खांबाकडे बघत राहिला. तिने पदर झाडला. लेकरासाठी गाठीला बांधलेले चार चणे घरंगळले, आणि मंडळी पुन्हा हसली. ते हसणं या गावाला अजून फिटलेलं नाही.

येसूने चणे वेचले. या पायरीवर उभी राहून एवढंच बोलली, "पान मेळला तर माका बोलावणा धाडू नकात. तुमी आपले कपडे झाडा." लेकरू कडेवर घेतलं आणि खाडीपलीकडे माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पुजाऱ्याने दमटलेली पानं सुकत घातली. उन्हाने लाख सुटली, तसा खोताच्या कूर्मातल्या एका पानाच्या पाठीला चिकटलेला राजा निघाला. अख्खा डाव तो खोताच्याच हातात होता.

खोत स्वतः होडीत बसून गेला म्हणे. येसू दाराबाहेर आली नाही. परत येऊन त्याने तो राजा या पायरीवर ठेवला, आणि गावासमोर आपला अंगरखा काढून झाडला.

आजही श्रावणात डाव मांडला की कूर्माचा राजा आधी पायरीवर जातो. म्हणून आमच्याकडे कूर्म कधीच कुणाचा पुरा होत नाही. मग मानकऱ्यापासून सगळे उभे राहतात, उपरणी झाडतात, खिसे उलटे करतात. तंबाखूची पुडी पडते, विडीचं थोटूक पडतं, कधी कुणाचे चणेही पडतात. कुणी हसत नाही.