एक पैसा जास्त

इंग्रजांचं राज्य उलथून अमेरिका नुकतीच मोकळी झाली होती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका नदीकाठच्या गावात एझ्रा नावाचा एक दुकानदार होता. देशाची टांकसाळ अजून उभी राहायची होती. जो तो प्रांत आपापले तांब्याचे पैसे पाडी आणि भामटे त्यांत हलके पैसे मिसळत. असे पोतडीभर पैसे हीच एझ्राची जन्माची पुंजी.

एके सकाळी डाकवाल्याने हळूच त्याच्या कानात सांगितलं, "शहरात काल तांब्याच्या पैशांचा भाव कोसळला. कुणी हातात घेईना!"

एझ्राने पोतडी उघडून पाहिली. आता करायचं काय? बातमी पसरायच्या आत पैसे खपवायला हवे होते. नदीपलीकडे ओबेद नावाचा लंगडा म्हातारा शिपाई आपली एकुलती एक गाय विकणार होता. एझ्रा पोतडी खांद्यावर टाकून निघाला. वाटेत कुणी नुसतं 'काय शेट?' म्हटलं तरी तो पावलं भरभर उचली.

"कागद नको हं, एझ्राशेट," ओबेद म्हणाला. "लढाईचा पगार सरकारने नोटांत दिला. शेवटी त्या जाळून चूल पेटवली मी! तांबं बरं. दगा देत नाही."

"ठरले तेवढे आहेत, मोजून घ्या," एझ्रा चाचरत म्हणाला.

"तुमचे काय मोजायचे!"

पोतडी देऊन, गाय घेऊन एझ्रा घाईघाईने नावेशी आला. भाड्यासाठी खिशात ठेवलेला पैसा त्याने दिला, तो नावाड्याने परत केला. "तांबं नको, शेट. आत्ताच पलीकडून कळलं, त्याला आता कुत्रं विचारत नाही."

तेवढ्यात मागून हाक आली. ओबेद लंगडत, धापा टाकत येत होता. "शेट, थांबा हो! डब्यात भरताना मोजले. एक पैसा जास्त आलाय!"

नावाडी हसला. "ठेव रे बाबा तुलाच. सगळे मिळून मूठभर मिठाच्या मोलाचे नाहीत ते."

ओबेदने गाईकडे पाहिलं. मग एझ्राकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं एझ्राला झालं. त्याने दावं म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "चुकलो," एवढंच तो म्हणाला.

गाय परत गेली, पोतडी परत आली. पण पुढे ओबेद दुकानात आला, की सुटे पैसे तीनतीनदा मोजून घेई. आणि तो मोजत असेपर्यंत एझ्रा मान खाली घालून उभा राही.

तात्पर्य: आपलं बुडणारं दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये. घेतलेली गाय परत करता येते, गेलेला विश्वास परत येत नाही.