अडीच बोटांचं अंतर

बाजारपेठेच्या एका गावात, फार प्राचीन काळी नव्हे, आपल्या आठवणीतल्याच काळात, एक वृद्ध छायाचित्रकार होते. गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्यापाशी जपानी बनावटीचा एक जुना कॅमेरा होता. उभ्या डब्यासारखा, आणि पुढे एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातली की वरच्या काचेत समोरचा माणूस दिसे. नवे कॅमेरे आले नि गेले, पण आबांचं मन काही या डब्यावरून उडालं नाही.

त्यांच्याकडे मुकुंद नावाचा तरुण शिकायला होता. तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांच्या आळीतला. हात चांगला, नजर चांगली, फक्त धीर कमी. त्याला एका गोष्टीचं कोडं पडे. जवळून फोटो काढायचा असला की आबा काचेत बघून सगळं नीट जुळवत, समोरच्याला "हं, असंच" म्हणत, आणि ऐन वेळी कॅमेरा अडीच बोटं वर उचलून खटका दाबत. मग इतका वेळ जुळवलं कशाला? बरं, देवळाचा किंवा वरातीचा लांबून फोटो असला तर हे काही नाही. शिष्य म्हटला की शंका आलीच, आणि धीर कमी असला की तिचं उत्तर आपणच देऊन टाकायची खोडही आली. मुकुंदनं ठरवून टाकलं, म्हाताऱ्या माणसाची सवय आहे. कुणी कामाआधी नारळ फोडतं, हे कॅमेरा उचलतात. विचारलं मात्र कधी नाही.

अशात त्याला मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत नोकरी लागली. आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण घरात माणसं दोनच, तो आणि वडील, आणि वडील त्यावर हूं की चूं करेनात. मुकुंदनं दोन-चारदा विषय काढला. कधी ते भांड्यावरची नजर न काढता ठोकत राहिले, एकदा चुलीपाशी पाठमोरे होते ते वळलेसुद्धा नाहीत. पिढीजात हातोडा टाकून मुलगा चालला याचा राग, दुसरं काय असणार? तसं त्या आळीत मुळातच बोलणं कमी. दिवसभर ठोक्यांचा असा गजर की माणसं खुणांवरच भागवतात, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. तरी वडिलांच्या मनाविरुद्ध उंबरा ओलांडायचा या विचारानं मुकुंदला अन्न गोड लागेना.

निदान त्यांचा एक फोटो बरोबर न्यावा म्हणून त्यानं आबांचा कॅमेरा मागून आणला. वडील धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले. मुकुंद दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला, मान खाली घालून काचेत टोपीपासून गळ्यापर्यंत चेहरा बेताबेतानं बसवला आणि म्हणाला, "बाबा, इकडे बघा." वडिलांनी मान वळवली. "तिकडे नाही, माझ्याकडे." मान आणखी वळली. रोल संपेपर्यंत हेच चाललं. मुकुंदच्या मनाला ते फार लागलं. फोटोपुरतंसुद्धा त्यांना आपलं तोंड बघायचं नाही, असं त्यानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रिंट निघाले. सगळ्यांत टोपी अर्धी कापलेली, चेहरा एका बाजूला वळलेला. त्यानं ते आबांपुढे ठेवले. "कॅमेरा बिघडलाय, आबा. आणि आमच्या वडिलांचं तर विचारूच नका."

आबांनी चष्मा पुसून एकेक प्रिंट पाहिला. "कॅमेरा ठणठणीत आहे. टोपी तू कापलीस. लांबच्या देवळाकडे ही दोन्ही भिंगं सारखीच बघतात. माणूस जवळ आला की दोघांच्या बघण्यात फरक पडतो. तू बघतोस वरून, फोटो निघतो खालून. दोघांत अंतर अडीच बोटांचं. म्हणून जवळच्या माणसासाठी कॅमेरा तेवढा उचलायचा, म्हणजे जिथून बघितलं तिथे खालचं भिंग येतं. मी उचलतो ते रोज बघत होतास ना? मग विचारलं का नाहीस?"

मुकुंद प्रिंट आवरायला लागला, तसे आबांनी ते पुन्हा पुढे ओढले.

"आता वडिलांचं. हे तोंड फिरवणं नव्हे, बाळा. दर फोटोत त्यांचा उजवा कान तुझ्याकडे आहे. एका कानानं जरा बरं ऐकू येणारा माणूस असाच बसतो. जन्मभर तांबं ठोकलं त्यांनी, कान जायचेच. एरवी तुझं बोलणं ओठांवरून ओळखत असतील, पण या कॅमेऱ्यात बघताना तुझी मान खाली." आबांनी प्रिंट त्याच्या हातात दिले. "परक्याबद्दल आपला अंदाज बहुधा चालून जातो. चुकतो तो जवळच्याबद्दल. घरचंच माणूस, त्याला काय नव्यानं बघायचं, असं वाटतं. तिथेच आपली जागा थोडी बदलावी लागते."

संध्याकाळी आळीतले ठोके थांबल्यावर मुकुंद वडिलांच्या उजव्या अंगाला जाऊन बसला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "बाबा, मला शहरात नोकरी लागलीये. जाऊ का?"

वडिलांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "नोकरी? कधी लागली?"

"झाले काही दिवस."

"मग जा की. विचारतोस काय?" त्यांचा चेहरा फुलला, मग जरा ओशाळला. "मला वाटलं, तूच रागावलायस माझ्यावर. हल्ली घरात काही बोलतच नाहीस."

दोन-चारदा सांगितलं होतं, हे मुकुंदच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. आवाज चढवून त्यानं स्टुडिओ कुठे आहे, राहायचं कुठे, जेवायचं कुठे, सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.