वस्ताद आणि फिटाच्या शेळ्या

"आता तरी जाऊ का घरी, बाबा?"

हिंदुराव वस्तादाने हे विचारलं तेव्हा नूरशाबाबा एका शेळीचं खूर कापत होते. उरसाला गेलेले बाबा सकाळीच तकियात, आपल्या फकिरी ठाण्यावर, परतले होते. आधी त्यांनी शेळीच्या पाठीवर हात ठेवला, तोच हात सावकाश पायापर्यंत नेला आणि मग कुठे सुरी काढली. या जातीला असंच हाताळावं लागतं. एकदम पाय धरला की संपलं.

"काय झालं नवीन?"

"शेळ्या पडायच्या बंद झाल्या."

बाबांचा हात थांबला.

"सगळ्या?"

"एकूण एक. मी मनावर घेतलं की काय होतं ते बघाच."

बाबांनी खूर पुरतं कापलं. सुरी पुसली आणि म्यानात घातली.

ही शेळ्यांची जात आपल्याकडची नव्हे. कुणा शौकिनाने परदेशातून हौसेने आणवली. पाहुण्यांपुढे मिरवायला बाहेर काढली तर टाळ्यांच्या आवाजाने सगळी धाडधाड आडवी. शौकिनाची हौस तिथेच जिरली आणि कळप माळावरच्या या तकियात आला. गावात त्यांना फिटाच्या शेळ्या म्हणतात.

फीट कसली? शुद्ध मुळीच जात नाही. दचकल्या की अंगाचं लाकूड होतं, पाय ताठतात आणि जागच्या जागी कलंडतात. डोळे टक्क उघडे. चार श्वास गेले की उठून पुन्हा चरायला लागतात. त्यांना धड उडी मारता येत नाही, पळून जीव वाचवता येत नाही. म्हणून लांडग्या-कुत्र्यांपासून जपायला बाबांनी छातीएवढा दगडी गडगा रचून घेतला होता. खाताना रेटारेटी नको म्हणून दाण्याच्या टोपल्या लांब लांब ठेवल्या होत्या. आणि बाबा स्वतः येताना काहीतरी गुणगुणत येत, म्हणजे कोण येतंय ते त्यांना आधीच कळे.

अशा कळपात हिंदुराव वस्ताद येऊन पडला होता.

त्याची तालीम पंचक्रोशीत नावाजलेली. तो गल्लीच्या तोंडाशी नुसता खाकरला तरी आत पोरं जोर मारायला लागायची. घरातही तोच आवाज. हात मात्र त्याने कधी कुणावर उगारला नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. लेक लग्न होऊन गेली ती माहेरी फिरकली नाही. मुलगा नोकरीच्या नावाखाली लांब निघून गेला. हिंदुरावाने दोघांनाही कृतघ्न ठरवलं आणि विषय संपवला.

मग एक दिवस त्याची बायको अनुसया बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला काही सांगितलं. नूरशाबाबांकडे जाऊन राहा, ते म्हणतील तेव्हाच परत या, नाहीतर मी लेकीकडे निघते. एवढंच. हिंदुरावाच्या हातातला घास हातातच राहिला. भांडण नाही, रडणं नाही, आणि ही बाई घर सोडून जायच्या गोष्टी करते!

तो तकियाच्या फाटकात आला आणि नेहमीच्या आवाजात त्याने "बाबा" अशी हाक मारली.

समोरचा सगळा कळप कोसळला.

हिंदुराव जागीच खिळला. मी काही केलं नाही, मी काही केलं नाही, असं तो बाबांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बाबांनी त्याला भाकरी दिली, पाणी दिलं. उपदेश मागितला तर शेळ्या दिल्या. तू जवळ गेलास आणि या पडल्या नाहीत की खुशाल घरी जा, म्हणाले. वर आणखी काही सांगतील म्हणून हिंदुराव वाट बघत बसला. बाबा झोपून गेले.

आता वस्तादाला माणसं घडवायची एकच रीत ठाऊक. भीती असते ती मोडायला. बाबा महिन्याभरासाठी लांबच्या उरसाला गेल्याबरोबर त्याने तेलाचा रिकामा डबा शोधला, काठी घेतली आणि रोज सकाळी गडग्याच्या आत जाऊन डबा बडवायला सुरुवात केली. शेळ्या पडत, उठत, पुन्हा पडत. त्यालाही वाईट वाटे, नाही असं नाही. पण नव्या पोरांनाही पहिल्यांदा असंच होतं, अशी तो मनाची समजूत घाली. आणि खरोखरच, हळूहळू पडणाऱ्या कमी झाल्या. मग एके दिवशी कुणीच पडलं नाही. त्या दिवशी त्याने घरी न्यायचं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं.

"दाखव," म्यान बाजूला ठेवत बाबा म्हणाले.

हिंदुराव डबा घेऊन आत गेला. शेळ्या गडग्याच्या कडेकडेने उभ्या होत्या. त्याने डबा बडवला. असा बडवला की बाबांनाच कानावर हात ठेवावे लागले.

एकही पडली नाही.

हिंदुरावाने वळून बाबांकडे पाहिलं. त्याची छाती फुगली होती.

बाबा मधल्या टोपलीपाशी गेले.

"हा दाणा तसाच का?"

"शिस्त लागली की खाणं बेताचं होतं, बाबा."

"आणि खुरं एवढी वाढली ती?"

हिंदुरावाने डबा दुसऱ्या हातात घेतला. शेळी चालली तरच खूर झिजतं, एवढं त्यालाही कळत होतं.

बाबांनी फाटक उघडलं आणि गुणगुणत माळावर निघाले. शेळ्या बिचकत बिचकत त्यांच्या मागे गेल्या. बाबा उघड्या माळाच्या मधोमध थांबले. तिथे झाड नाही, दगड नाही. शेळ्यांनी गवताला तोंड लावलं.

"आता ये. डबा नको. बोलूही नकोस."

हिंदुराव निघाला. अलगद पावलं टाकत, श्वास धरून.

एका शेळीने मान वर केली. गाभण होती. तिने त्याला पाहिलं आणि ती आडवी झाली. मागोमाग दुसरी, तिसरी... बघता बघता सगळा कळप जमिनीवर. ताठलेले पाय, आणि उघडे डोळे त्याच्यावर लागलेले.

हिंदुरावाने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आवाज केला नव्हता, काठी नव्हती. नुसता तो आला होता.

"पण बाबा... आत तर उभ्या होत्या."

"टेकल्या होत्या."

शेळ्या एकेक करून उठल्या. गवत तिथेच टाकून तडक आवारात शिरल्या आणि गडग्याला अंग लावून उभ्या राहिल्या. हिंदुराव वेड्यासारखा त्यांच्या मागे गेला. त्याने गाभण शेळीच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. पाठ नुसतं लाकूड झाली होती. दुसरीला हात लावला, तिचंही तेच. उभी होती, पण ताठलेलीच. दगडांचा आधार होता म्हणून पडत नव्हती, एवढंच. म्हणजे रोज सकाळी, तो खूश होऊन डबा खाली ठेवायचा तेव्हासुद्धा...

"म्हाताऱ्या शेळ्या शिकतात ते," बाबा म्हणाले. "तुझ्या हाताखाली पिल्लंसुद्धा शिकली."

हिंदुराव गडग्याकडे पाठ करून बाबांकडे वळला.

"वस्ताद, तू घरी येतोस तेव्हा अनुसया कुठे असते?"

"स्वयंपाकघराच्या दारात." हे त्याला आठवावं लागलं नाही. बायको दारात उभी राहून वाट बघते, असं तो तालमीत कौतुकाने सांगत आला होता.

"कशी उभी असते?"

"अशीच... चौकटीला..."

अनुसया त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

पाठ चौकटीला लावलेली. एक तळवा लाकडावर दाबून धरलेला. बोटं पांढरी पडलेली. आपण चपला काढेपर्यंत, पाणी मागेपर्यंत, जेवायला बसेपर्यंत तशीच. लेक होती तेव्हा तीही तिच्या शेजारी, भिंतीला. इतकी वर्षं रोज समोर होतं, आणि त्याने त्याला घरची शिस्त म्हटलं होतं.

"बाबा..." तो म्हणाला. त्याचे गुडघे ताठले. हात आपोआप मागे गेला आणि त्याने गडग्याचा दगड घट्ट धरला. शेजारची शेळी त्याच दगडाला टेकून त्याच्याकडे बघत होती.

बाबांनी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"सोड ती भिंत, वस्ताद. पड एकदा."