शेवटच्या गाळ्याचा मान

एका नदीच्या अलीकडच्या काठावर नेरगाव होतं आणि पलीकडच्या काठावर बोरसई. मधे नदीवर एक बंधारा होता. तो दोन्ही गावांचा होता, आणि दोघांचं जे असतं त्यावरून जसं व्हायचं तसं भांडणही होतंच.

बंधाऱ्याला चौदा गाळे होते. गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा. पावसाळ्यात सगळे गाळे उघडे ठेवायचे, म्हणजे पूर निघून जातो. पाऊस सरला की खांबांच्या खाचांमधून जाड लाकडी फळ्या एकावर एक खाली सोडायच्या आणि गाळे बुजवायचे. त्या फळ्यांना तिकडे बर्गे म्हणतात. बर्गे वेळेवर बसले की नदी अडते आणि काठावरच्या विहिरी उन्हाळाभर भरलेल्या राहतात. नाही बसले तर नदी आपल्या वाटेने निघून जाते. तिला कोणाची वाट बघायची सवय नसते.

पहिले सात गाळे नेरगावने बुजवायचे, पुढचे सात बोरसईने. इथवर सगळं ठीक होतं. पण शेवटचा गाळा बुजवताना एक सोहळा होत असे. नारळ फुटे, हलगी वाजे, आणि त्या गाळ्यातला पहिला बर्गा सरपंच स्वतःच्या हातांनी सोडत. हा मान कोणत्या गावाच्या सरपंचाचा, यावरून वाद होता.

तो मिटवायला एका वर्षी दोन्ही ग्रामपंचायतींची एकत्र सभा भरली. सकाळी सुरू झाली, जेवणं उरकली, दोनदा चहा झाला, तरी काही ठरेना. अखेर कोणा हुशार माणसाने सुचवलं, "ज्या गावाचा गाळा सगळ्यात शेवटी बुजेल, मान त्या गावाचा." सगळ्यांना ते इतकं पटलं की टाळ्या पडल्या. ठराव झाला, सह्या झाल्या. ठरावाचा कागद चौकटीत घालून दोन्ही कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगला गेला आणि मंडळी खुशीत घरी गेली.

त्या वर्षापासून बंधारा वेळेवर बुजायचा थांबला.

कसा ते सांगतो. दसरा झाला की नेरगावचे लोक झपाट्याने सहा गाळे बुजवत आणि सातवा उघडा ठेवत. बोरसईचे लोकही सहा बुजवत आणि आपला एक उघडा ठेवत. हे दोन्ही उघडे गाळे मधल्या खांबाच्या दोन बाजूंना, अगदी शेजारी शेजारी होते. मग दोन्ही गावं आपापल्या काठावर बसून एकमेकांकडे बघत राहत. जो आधी बुजवेल त्याचा मान गेला. दिवाळी जाई, तुळशीचं लग्न लागे, आणि सगळी नदी त्या दोन गाळ्यांतून खळखळत निघून जाई. थंडी सरता सरता कोणीतरी कंटाळून हार मानत असे. तोवर अडवायला नदीत राहिलेलंच काय असे?

शिवरात्रीला पिंडीवर ओतायला तांब्याभर पाणी शोधावं लागे. पुढे उन्हाळ्यात तर बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगरातल्या झऱ्यावर जात, आणि तिथे दोन्ही गावांच्या बायका एकाच रांगेत उभ्या राहत. गुरं पाहुण्यांच्या गावी पाठवली जात. पण ठरावाला हात लावायची कोणाची हिंमत होत नसे. चौकटीत घातलेला कागद होता ना तो.

बंधाऱ्यावर धोंडिबा नावाचा म्हातारा पाटकरी होता. पाणी सोडायचं, अडवायचं, बर्ग्यांची राखण करायची हे त्याचं काम. तो दोन्ही गावांचा नोकर असल्यामुळे दोन्ही गावांच्या शिव्या खायचा. त्याने मधल्या खांबावर चुन्याची एक रेघ मारली होती. नदी त्या रेघेखाली उतरली की मग गाळे बुजवून काही उपयोग नाही, असं तो दरवर्षी सांगे. लोक दरवर्षी मान डोलावत आणि पुन्हा पलीकडच्या काठाकडे बघत बसत.

ठरावानंतर बाराव्या वर्षी बोरसईच्या सरपंचपदी सगुणाबाई मगदूम निवडून आल्या. वांग्याच्या वाफ्यांत राबून हात खरखरीत झालेली ही बाई. बोलणं मोजकं. पहिल्याच ग्रामसभेत त्या म्हणाल्या, "औंदा उन्हाळ्यात विहिरीला पाणी ऱ्हायलं न्हाई, तर मी बी ह्या खुर्चीवर ऱ्हायची न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यात दोन्ही गावं कधीच मागे नसत.

दसरा झाला. रिवाजाप्रमाणे इकडचे सहा आणि तिकडचे सहा गाळे बुजले, आणि रिवाजाप्रमाणे काम थांबलं. दिवाळीनंतर धोंडिबा सगुणाबाईंच्या वाफ्यावर आला आणि बांधावर टेकला.

"आक्का, पाणी रेघेच्या वर चार बोटं ऱ्हायलंय. आठ दिवसांत खाली जाईल."

सगुणाबाईंनी खुरपं खाली ठेवलं. मग घरात गेल्या, ताटात कुंकू लावलेल्या अक्षता घेतल्या आणि धोंडिबाला सोबत घेऊन बंधाऱ्यावरून चालत थेट नेरगावात शिरल्या.

नेरगावचे सरपंच होते आप्पासाहेब नलवडे. माणूस वाईट नव्हता. अडल्या नडल्याच्या उपयोगी पडायचा. पण मानाचा मोठा भुकेला. लग्नात फेटा बांधायला चार माणसं त्यांच्याआधी बोलावली, तर ते पंगतीला न बसता घरी जात. सातव्या गाळ्यात सोडायचा पहिला बर्गा त्यांनी कचेरीत, खुर्चीशेजारी, हार घालून उभा करून ठेवला होता. दसऱ्याचा हार सुकला होता, दिवाळीचाही सुकला होता. आता त्यावर तिसरा हार होता.

सगुणाबाईंनी ताट पुढे केलं. "आप्पासाहेब, अक्षत घ्या. आमचा शेवटचा गाळा तुमच्या हातानं बुजवायचा हाय."

आप्पासाहेबांनी अक्षता घेतल्या, पण डोळे बारीक केले. "ह्यात डाव काय हाय, सरपंचबाई?"

"डाव न्हाई. पाणी चाललंय, एवढंच."

"आन् मान?"

"मान तुमचा. दोन्ही गावांच्या देखत."

आप्पासाहेबांची छाती फुगली. दुसऱ्या गावाच्या गाळ्यात आपल्या हातचा बर्गा, असा मान तर आजवर कोणालाच मिळालेला नव्हता. त्यांनी लगेच परवाचा दिवस ठरवला आणि हलगीवाल्यांना निरोप धाडला. निघता निघता धोंडिबा दारात थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला, "पर आप्पासाहेब, त्यांचा गाळा शेवटचा व्हायचा, तर तुमचा सातवा त्याच्या आधी बुजाय पायजे. तुमचा उघडाच ऱ्हायला, तर त्यो शेवटचा कसला? मान बी निम्माच."

निम्मा मान आप्पासाहेबांना चालणारा नव्हता. तिसरा हार उतरला, बर्गा कचेरीतून बाहेर आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नेरगावचा सातवा गाळा बुजला. बारा वर्षांत पहिल्यांदाच पाणी रेघेच्या वर असताना तेरा गाळे बंद झाले होते.

इकडे बोरसईत मात्र गलका उडाला. बाईने गावाचं नाक कापलं, असं पारावर उघड बोललं जाऊ लागलं. ज्यांनी ग्रामसभेत टाळ्या वाजवल्या होत्या, तेच सगळ्यात मोठ्याने बोलत होते.

ठरलेल्या दिवशी सकाळी सगुणाबाई बंधाऱ्यावर आल्या. सगळी नदी आता एकाच गाळ्यातून धावत होती. शेजाऱ्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. उपसरपंच विष्णू आडके दहा गडी, बर्गा आणि दोर घेऊन आधीच तयार उभा होता.

"आक्का, असा मोका परत येणार न्हाई," तो ओरडून म्हणाला. "त्यांचं समदं बुजलंय. आता आपला गाळा शेवटचा. ठरावात लिवलंय तसा मान आपला. त्यांची हलगी यायच्या आत बर्गा सोडू."

विष्णू खोटं बोलत नव्हता. ठरावात तसंच लिहिलेलं होतं. नुसती मान हलवली असती तर पाणीही अडलं असतं, मानही मिळाला असता, आणि ज्या गावाने बारा वर्षं डोळे वटारले त्याची जिरलीही असती. पारावरची तोंडं बंद झाली असती ती वेगळीच. सगुणाबाईंनी एकदा त्या बर्ग्याकडे बघितलं. बाईही माणूसच होती. मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

"अक्षत दिलेला पाव्हणा वाटंवर हाय," त्या म्हणाल्या, "आन् आपण दार लावून जेवाय बसायचं? आज त्यांना फशिवलं, तर फुडच्या साली त्यांचे सात गाळे कोण बुजवणार? तू?"

विष्णूचं तोंड पडलं. "मग आमी तुमच्यावर अविश्वास आणतो. कागद खिशातच हाय."

"आणा की. तवर पाणी अडलेलं असू दे, म्हंजे झालं."

एवढं बोलून त्या वळल्या, तर मधल्या खांबापाशी आप्पासाहेब उभे. हलगी, गुलाल आणि गाव मागे ठेवून ते उत्साहाच्या भरात एकटेच पुढे आले होते. पाण्याच्या आवाजात बोलायचं म्हणून विष्णू ओरडला होता, बाईही ओरडल्या होत्या, आणि त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. आपण फसता फसता वाचलो आणि कोणामुळे वाचलो, हे त्यांना कळलं. बारा वर्षं आपण काय करत होतो, तेही त्याच घटकेला कळलं. त्यांना फार लाज वाटली.

मागून नेरगावची मंडळी आली. नारळ फुटला. बर्ग्याच्या दोन्ही टोकांच्या कड्यांना दोर बांधले. आप्पासाहेबांनी मधल्या खांबावर उभं राहून एक दोर हातात घेतला. दुसरा दोर घ्यायला त्यांचा पुतण्या बोरसईच्या खांबाकडे निघाला, तेव्हा आप्पासाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"त्ये टोक सरपंचबाईंचं," ते म्हणाले.

सगुणाबाईंनी पदर खोचला आणि दोर धरला. बर्गा खाली निघाला. आप्पासाहेबांनी सवयीप्रमाणे घाई केली. त्यांचं टोक खाली गेलं, बाईंचं वर राहिलं, आणि बर्गा खाचेत तिरपा अडकला. पाण्याने त्याला असा दणका दिला की खांबावर उभे असलेले दोघेही हादरले.

"वर घ्या," धोंडिबा ओरडला. "आन् आता मी म्हनल तसं, दोघं मिळून सोडा."

पहिल्यांदाच दोन गावांचे दोन सरपंच एका पाटकऱ्याचं ऐकत होते. त्याने हाक द्यायची आणि दोघांनी वीतभर दोर सोडायचा. पुन्हा हाक, पुन्हा वीतभर. बर्गा सरळ, समान उतरत गेला आणि तळाशी जाऊन पक्का बसला. मग कोणाचा गाळा आणि कोणाचा बर्गा हे विचारायला कोणी थांबलंच नाही. नेरगावच्या लोकांनी बर्गे उचलून दिले, बोरसईच्या लोकांनी दोर धरले, बायकांनी काळ्या मातीच्या पाट्या भरभरून आणल्या आणि फटी लिंपल्या. विष्णू गुडघाभर चिखलात उभा राहून सगळ्यांत जोरात राबत होता.

शेवटची फट लिंपली आणि खळखळाट थांबला. बारा वर्षं ज्या आवाजात दोन्ही गावांनी दिवाळ्या काढल्या, तो आवाज बंद झाला. हलगीवालाही वाजवायचं विसरला. धोंडिबाला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग आप्पासाहेबांनी आपला फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि जी हलगी सुरू झाली ती दिवस मावळेपर्यंत वाजतच राहिली.

पाणी चढत गेलं. पंधराव्या दिवशी ते बंधाऱ्याच्या माथ्यावरून पातळ धारेने पलीकडे सांडायला लागलं. ते बघायला दोन्ही गावं लोटली. विष्णू तर आनंदाने अंगरख्यासकट नदीत उतरला आणि काठाकाठाने पोहून आला. अविश्वासाचा कागद त्याच्या खिशातच होता. तो बाहेर काढला तेव्हा त्यावरची एकही सही वाचता येत नव्हती.

त्या शिवरात्रीला पिंडीवर घागरी रित्या झाल्या. भर उन्हाळ्यात बोरसईच्या विहिरीत पोहरा टाकला की हातातला फार दोर सोडावा लागत नसे. सगुणाबाईंच्या वांग्यांना चैत्रातही फुलं होती, आणि त्यांची खुर्ची मागायला कोणी आलं नाही. डोंगरातल्या झऱ्यावर रांग लागली नाही. तिथे आता फक्त माकडं पाणी पीत होती.

दोन्ही पंचायतींची पुन्हा एकत्र सभा भरली. आप्पासाहेबांनी भिंतीवरची चौकट स्वतः उतरवली, जुना कागद काढला आणि नवा घातला. त्यावर एकच ओळ होती. जे गाव पहिला गाळा बुजवेल, मान त्या गावाचा. ही सभा पहिला चहा यायच्या आतच संपली.

पुढच्या वर्षी काय झालं म्हणता? दसरा अजून लांब होता, नदी गढूळ होती, आणि दोन्ही गावांचे लोक बर्गे खांद्यावर घेऊन, एकमेकांना ढकलत बंधाऱ्यावर हजर. धोंडिबा नवा फेटा बांधून वाटेवरच आडवा बसला. "अजून हस्ताचा पाऊस बाकी हाय," तो म्हणाला. "सगळी घरी जावा." आणि एवढी वर्षं शिव्या खाल्लेला तो म्हातारा मनापासून हसला.

तात्पर्य: दोघांच्या कामात जो मानासाठी अडून बसतो त्याच्या हाती मानही राहत नाही आणि कामही; पण जो मान आधी दुसऱ्याला देऊ करतो आणि दिलेला शब्द पाळतो, त्याच्यामुळे दोघांचंही भलं होतं.