भिवरेचा अधांतरी पाय

महाराज रणधवलांच्या कमरेत उसण भरली! उठता येईना, शिंकता येईना. विदूषकाने विनोद सांगितला, तर हसता हसता "अगं आई गं!" म्हणून किंचाळले. राजवैद्यांनी लेपांवर लेप चढवले आणि शेवटी महाराजांना चटईवर उताणं निजवून हात टेकले.

तेव्हा म्हातारी दासी म्हणाली, "पायाळू माणसाचा पाय फिरवा. उसण पळते."

जन्मताना पाय आधी आलेली अशी एकच बाई गावात होती, भिवरा कोष्टीण. शिपायांनी तिला मागावरून उठवून थेट दरबारात आणलं.

प्रधानजींनी बजावलं, "कायदा माहीत आहे ना? राजाच्या अंगाला पाय लागला, की तो पाय तोडायचा!"

"आणि उसण उतरली नाही तर?"

"तरीही तोडायचा!" महाराज चटईवरून ओरडले. "मला तुझ्या पायानंच बरं कर, पण पाय लावू नकोस!"

भिवरेने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मागाची पावडी ती त्याच पायाने दाबायची. तो गेला, तर माग बंद आणि घरची चूलही बंद. मग तिने महाराजांचं गरगरीत पोट न्याहाळलं.

"महाराज, दुखतंय पाठीत, पण दोष पोटाचा आहे."

"काय? माझ्या पोटाला नावं ठेवतेस?"

"पोट आमच्या कापडासारखंच असतं की! उभ्या स्नायूंचा ताणा, आडव्यांचा बाणा, शिवाय दोन्ही कुशींतून तिरपे पट्टे. वीण घट्ट असली, की कण्याला आधार. तुमची वीण लोडाला टेकून टेकून सैल पडलीय. एकट्या पाठीनं किती ओढायचं?"

महाराजांनी आपल्या पोटावरून हात फिरवून पाहिला.

"मी पाय हवेत स्थिर धरते. तुमचंच पोट वर येऊन त्याला लागलं, तर चूक कोणाची?"

"माझी!"

"मग शिक्षा?"

"भर दरबारात तुझे पाय चेपीन!" महाराज तोऱ्यात बोलून गेले.

भिवरेने त्यांना गुडघे दुमडायला लावले. स्वतः चौरंगावर बसली आणि त्यांच्या बेंबीवर बोटभर अंतर ठेवून पाय धरला. दिवसभर पावडीवर तोललेला पाय तो, तसूभरही हलेना!

"श्वास सोडा. पोट आत! आता बरगड्या फुलवून घ्या. पोट आत, महाराज, पोट आत!"

पाय चेपायच्या धास्तीने महाराजांनी पोट असं आवळलं, की कित्येक वर्षं झोपलेले स्नायू जागे झाले. प्रधानजी वाकून अंतर बघत होते. सारा दरबार टक लावून होता. शंभर श्वास झाले.

भिवरेने पाय मागे घेतला. "आता कुशीवर वळा, हात टेका, उठा."

महाराज उठले! ताठ उभे राहिले!

"ही लबाडी आहे!" प्रधानजी कडाडले. "पाय तर नुसता हवेत होता. त्यानं काय केलं?"

"काहीच नाही? मग प्रधानजी, तुमचं पोट का आत गेलंय?"

प्रधानजींनी खाली पाहिलं. वैद्यबुवांनी पाहिलं. शिपायांनी पाहिलं. अख्ख्या दरबाराची पोटं आत!

महाराज खदाखदा हसले. मध्येच दचकून त्यांनी कमरेवर हात ठेवला. कळ नाही! मग तर ते पोट धरून हसले.

"तो कायदा आजपासून रद्द! या पायात चांदीचे वाळे घाला आणि हिच्या घरी नवा माग पाठवा. आणि भिवराबाई, उद्या पुन्हा या हं! प्रधानजींना चटईवर निजवून ठेवतो!"